स्प्लेंडर की प्लॅटिना? चला, पोलादपूरला!

शुक्रवारी रात्री हिंजवडीत कॅबची वाट बघत उभा होतो, तर धाकट्या बहिणीचा फोन. ‘दादा, नोकरी लागली! महाडला, एमआयडीसीत, लॅबमध्ये. एक तारखेपासून जॉइन. आणि हे बघ, मला बाईक पाहिजे. स्कूटी नाही हं, बाईक. तू बाबांशी बोल.’ एवढं सांगून मॅडमनी फोन ठेवला. म्हणजे पेढे तिचे आणि बोलणी माझ्या वाट्याला.

बाबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘मायलेज किती देते?’ मी म्हटलं, ‘बाबा, अजून कुठली घ्यायची तेच ठरलं नाही.’ ‘मग ठरव. आणि पोरीला पायात गिअर कशाला पाहिजेत, तेही विचार तिला.’

पुण्यातल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दीडशे सीसीच्या खालच्या गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही. शंभर सीसी म्हणजे कुरिअरवाला, नाहीतर दूधवाला. पण मंडळी, आमच्या गावाकडे याच गाड्यांवर संसार चालतात. गॅसचा सिलिंडर, भाताचं बियाणं, दवाखान्यात न्यायची आजी, शाळेतली दोन पोरं, सगळं एकाच सीटवरून जातं. त्यामुळे तिकडे बाईक घेणं म्हणजे वीकएण्डची हौस नसते. घरात नवा माणूस येणार असल्यासारखी बैठक बसते.

आमची वाडी पोलादपूर तालुक्यातली. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की कापडे येतं, त्याच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. डांबरी सोडून दीड किलोमीटर आत, चढावर. पोलादपूरला जायला सात-आठ किलोमीटर, तिथून हायवेने एमआयडीसी पंधरा-सोळा. म्हणजे रोज जाऊन-येऊन सेहेचाळीस किलोमीटर. शिफ्ट सकाळी साडेआठची. पोलादपूरला मिनीडोर भरेपर्यंत बसून राहिलं तर लॅबमध्ये रोज लेट मार्क लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

स्कूटर का नको, याचं उत्तर बहिणीकडे तयार होतं. वाडीच्या रस्त्यावर पावसात गोटे उघडे पडतात. स्कूटरचं दहा-बारा इंची चाक त्यात अडकतं, मोटरसायकलचं सतरा-अठरा इंची चाक वरून निघून जातं. दुसरं म्हणजे उतार. गिअरवाली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये तो आधार फारच कमी, सगळा भार ब्रेकवर. बाबा यावर गप्प बसले. आमच्याकडे बाबा गप्प बसले की ती परवानगी धरायची असते.

नव्या गाडीचं बजेट नव्हतं. दोन सेकंडहँड गाड्या समोर होत्या, दोन्ही ओळखीतल्या. एक महाडच्या मामाची २०१८ ची स्प्लेंडर प्लस. दुसरी वाडीतल्याच एका मित्राची २०१९ ची प्लॅटिना ११० एच-गिअर. तो आता बदलापूरला राहायला गेलाय, गाडी पडवीत उभी. भाव दोघांनी जवळजवळ सारखाच सांगितला. मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता. स्प्लेंडरच! त्यात बघायचं काय?

असं वाटायला कारण होतं. आमच्या घरात बाबांची सीडी १०० होती. हिरो होंडाची ही गाडी १९८५ साली आली, तेव्हा तिची जाहिरात साधीच होती: पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९९४ साली तेच इंजिन नव्या कपड्यांत आलं, तिचं नाव स्प्लेंडर. २०१० च्या डिसेंबरात हिरो आणि होंडाने वेगळं व्हायचं ठरवलं, २०११ पासून कंपनी हिरो मोटोकॉर्प झाली. मामाला हे अजून मान्य नाही. तो आजही ‘माझी हिरो होंडा’च म्हणतो. प्लॅटिना २००६ ची, आकुर्डीच्या बजाजची. एकशे दहाला पाचवा, ‘हायवे गिअर’ मिळाला तो २०१९ साली. एच-गिअरमधला ‘एच’ तोच.

आता थोडी आकडेमोड. कंटाळा करू नका, यात एक गंमत आहे. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, प्लॅटिना ११० चं ११५.४५. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास अगदी सारखा, ५० मिलिमीटर. फरक कुठे, तर पिस्टनच्या प्रवासात. स्प्लेंडरचा पिस्टन वर-खाली ४९.५ मिलिमीटर जातो, प्लॅटिनाचा ५८.८. सायकलच्या पॅडलचा दांडा लांब केला की चढ चढायला सोपं जातं ना, तसंच काहीसं. ताकद दोन्हींची साडेआठ पीएसच्या आसपासच, पण ओढण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो स्प्लेंडरचा ८ न्यूटन मीटर आणि प्लॅटिनाचा ९.८१.

कागदावर हा फरक चिमूटभर वाटतो. म्हणून ठरवलं, वाचत बसायचं नाही, चालवायची. जूनचा दुसरा आठवडा, मृगाच्या सरी सुरू झालेल्या. स्वारगेटहून महाबळेश्वरमार्गे एसटी धरली आणि गावी हजर झालो. मामाही महाडहून स्प्लेंडर घेऊन आला. येताना त्याने ती धुवून, पुसून, वर हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता.

शनिवारी हायवे. पोलादपूर ते महाड आता काँक्रीटचा चौपदरी रस्ता आहे. रुंद रस्ता म्हणजे सेफ रस्ता असं वाटतं, पण छोट्या गाडीवर बसून बघा. बाजूने गोव्याची लक्झरी शंभरने निघून जाते आणि तिच्या वाऱ्याने आपण हातभर हलतो. पंचावन्न-साठला स्प्लेंडर चौथ्यात तक्रार न करता चालते, आवाज मात्र वर गेलेला असतो. प्लॅटिनाला त्याच वेगाला पाचवा टाकला की इंजिन एकदम शांत. बहीण म्हणाली, ‘दादा, मिक्सर बंद केल्यासारखं वाटलं.’ आठवडाभर रोज पाऊण-पाऊण तास कानाशी मिक्सर की शांतता, हा प्रश्न छोटा नाही. पण स्प्लेंडर आठ-दहा किलोने हलकी आणि बुटकी. महाडच्या बाजारपेठेत शिरल्यावर ती अशी वळते की वाटावं सायकलच आहे. तिथे प्लॅटिना जरा मोठ्या बहिणीसारखी, समजूतदार पण अवघडलेली.

वाटेत राजेवाडीजवळ सावित्रीवरचा पूल लागतो. तिथे आम्ही तिघंही आपोआप हळू झालो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस प्रवाशांसकट गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. आमच्याकडे पाऊस हा बोलायचा विषय नसतो, त्याच्याशी जमवून घ्यायचं असतं. बाईकसुद्धा त्याच हिशेबाने घ्यायची.

मामाच्या स्प्लेंडरचीही पावसाची एक कहाणी आहेच. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये जे पाणी भरलं, त्यात मामाचं तळमजल्याचं घर गेलं आणि अंगणातली गाडी आरशापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर गल्लीत रांगेने चिखलाच्या गाड्या उभ्या होत्या. बऱ्याच जणांनी घाईघाईने किक मारून बघितल्या. तिथेच फसले. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजाराचं काम दहा हजारांवर जातं. मामाने गाडीला हात लावला नाही. मेकॅनिकची वाट बघितली. त्याने आधी स्पार्क प्लग काढला, प्लग नसताना हळूहळू किक मारून पाणी बाहेर काढलं. तळाचा नट सोडला तर ऑईल दुधाच्या चहासारखं आलं. दोनदा ऑईल बदललं, टाकी आणि कार्ब्युरेटर खाली करून धुतला, एअर फिल्टर फेकून दिला, चाकांची बेअरिंग नवी घातली. आठव्या दिवशी गाडी सुरू! मामा सांगतो तेव्हा हे सगळं रामायणासारखं सांगतो, मी बरंच आटोपतं घेतलंय.

या गोष्टीत स्प्लेंडरचं खरं बलस्थान आहे. ती कुणालाही खोलता येते. पोलादपूरच्या कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात तिची क्लच केबल मिळेल, ब्रेक शू मिळेल, आणि न मिळाला तर शेजारच्या स्प्लेंडरमधून दोन दिवसांसाठी उसना मिळेल! प्लॅटिनाचे पार्टही मिळतात, पण एच-गिअर आमच्याकडे तेवढ्या नाहीत, त्यामुळे क्वचित महाडला खेप पडते. आणि एक लक्षात घ्या, या दोन्ही गाड्या एप्रिल २०२० च्या आधीच्या, बीएस-फोर, कार्ब्युरेटरवाल्या. त्यानंतर बीएस-सिक्सचा नियम आला आणि स्प्लेंडरला फ्युएल इंजेक्शन मिळालं. थंडीत सकाळी ती पटकन सुरू होते, घाटाच्या वरच्या विरळ हवेत पेट्रोलचं प्रमाण आपलं आपण जुळवते. पण बिघडलीच तर पान्याबरोबर स्कॅनरही लागतो. शहरात राहणाऱ्यांनी याचा विचार करायची गरज नाही. डोंगरात राहणाऱ्यांनी करावा.

रविवारी घाट. आई म्हणाली, ‘घाटात कशाला जाताय? रोज थोडीच जायचंय तिला तिकडे?’ तिची भीती खोटी नाही. २८ जुलै २०१८ ला याच आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली होती, तीस माणसं गेली. पण बाबाच म्हणाले, ‘जाऊ दे. घाटात जी गाडी ऐकते ती सगळीकडे ऐकते.’ मग उघडीप बघून, सकाळी सातला निघालो. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर. तेवढ्यात रस्ता समुद्रसपाटीजवळून साडेतेराशे मीटरवर जातो. आम्हाला तेवढं जायचं नव्हतं, प्रतापगडाच्या फाट्यापर्यंत पुरे होतं.

मी मागे बसलो (वजन विचारू नका, हिंजवडीच्या कॅन्टीनची कृपा). स्प्लेंडर चढली, पण वळणावळणाला बहिणीला दुसऱ्यात यावं लागत होतं, आणि वेग पडला की पुन्हा जोर यायला वेळ लागायचा. प्लॅटिना त्याच वळणांना तिसऱ्यात निघून गेली. तो नऊ मिलिमीटरचा फरक इथे कळला! सस्पेन्शनचंही तेच. प्लॅटिना जमिनीपासून २०० मिलिमीटर वर, स्प्लेंडर त्याच्यापेक्षा बरीच खाली. घाटात रस्ता खचलेल्या ठिकाणी मागच्या सीटवरच्या माझ्या कमरेने दोन्ही गाड्यांना वेगवेगळे मार्क दिले. आईला दर महिन्याला गुडघ्यासाठी पोलादपूरला न्यावं लागतं, ते डोळ्यांसमोर होतं.

उतरताना मात्र एक जुनी खोड आठवली. आमच्याकडे पेट्रोल वाचवायला म्हणून घाटात इंजिन बंद करून, न्यूट्रलवर गाडी सोडणारे महाभाग आहेत. मीही कॉलेजात असताना केलंय. चाळीस किलोमीटरच्या घाटात किती वाचत असेल? चहाचे पैसे! आणि त्या बदल्यात सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की लायनिंगची पकड सुटत जाते, लिव्हर दाबला तरी गाडी थांबत नाही. नियम साधा आहे, ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. बहिणीला हे मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, ‘माहितीये. तू मागे नीट बस.’

या मायलेजच्या वेडापायी आपण काय काय करतो! परत आल्यावर बाबांसमोर कागद घेऊन बसलो. रोज ४६ किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे ११५० किलोमीटर. एक गाडी ६५ देते आणि दुसरी ६० देते असं धरलं, तर एकीला साधारण १७.७ लिटर लागेल, दुसरीला १९.२. फरक दीड लिटरचा. पेट्रोल शंभरच्या वर आहे म्हणून दीडशे-एकशे साठ रुपये धरा. महिन्याला! बाबांनी कागद दोनदा तपासला. मग म्हणाले, ‘एवढाच?’ आयुष्यभर ज्या प्रश्नाने त्यांनी गाड्या पारखल्या, त्याचं उत्तर दीडशे रुपये निघालं म्हणून ते थोडे नाराजच दिसले.

तरीही माझा कल स्प्लेंडरकडेच होता. उंचीचा मुद्दा होता ना! स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर, प्लॅटिनाची ८०७. बावीस मिलिमीटर म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, पण बहीण पाच फूट एक इंच. स्प्लेंडरवर तिचे दोन्ही पाय टेकतात, प्लॅटिनावर चवडे. सिग्नलला चालतं. गोट्यांवर, चढावर, मागे आई बसलेली असताना? मी म्हटलं, संपलं, स्प्लेंडर.

निकाल लागला तो संध्याकाळी, वाडीच्या फरशीवर. आमच्या रस्त्यात एक ओहोळ आडवा येतो, त्यावर फरशी आहे. पाऊस झाला की फरशीवरून घोटाभर पाणी जातं. (त्याहून जास्त असेल तर आम्ही अलीकडेच थांबतो, तुम्हीही थांबा. पाणी ओसरतं, घाई ओसरत नाही.) फरशी ओलांडली की पंचवीस-तीस पावलांवर उतार आणि लगेच वळण, खाली शेत. बहीण स्प्लेंडरवरून आली, फरशी ओलांडली, ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा धरली. वळणाच्या तोंडाशी. फार काही झालं नाही. पण बाबा समोर उभे होते, त्यांच्या हातातली छत्री खाली पडली.

यात मामाच्या गाडीचा दोष नाही आणि कंपनीचाही नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ड्रममध्ये पाणी गेलं की शू ओले होतात, काही क्षण पकड येत नाही, मग गाडी कुठलीही असो. उपायही सोपा, पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून सुकवून घ्यायचे. जाणते लोक करतातच. पण सकाळी शिफ्टची घाई असताना, रोज, चार महिने? मित्राच्या एच-गिअरला पुढे २४० मिलिमीटरची डिस्क होती. ती उघडी असते, चाक फिरताना पाणी उडून जातं आणि पॅड उरलेलं पुसून काढतात. मग आम्ही तीच फरशी प्लॅटिनावरून सहा वेळा ओलांडली. सहाही वेळा गाडी वळणाच्या बरीच अलीकडे थांबली. मागचं चाक तिचंही ड्रमचंच, पण दोन्ही ब्रेक जोडलेले असल्यामुळे मागचा दाबला तरी पुढचा थोडा लागतो.

कुणीच काही बोललं नाही. मग बाबा म्हणाले, ‘ही घ्या.’ मामाचा चेहरा पडला. खरं तर त्यालाही गाडी विकायची नव्हतीच, भाचीसाठी म्हणून तयार झाला होता. रात्री मच्छीचा रस्सा-भात खाऊन तो आपली हिरो होंडा घेऊन महाडला परत गेला. जाताना गाडीच्या टाकीवर हात फिरवत म्हणाला, ‘चल गं, आपण आपल्या घरी.’

तुम्ही नवी घेणार असाल, तर शोरूममध्ये जाऊन पहिला प्रश्न पुढच्या ब्रेकचा विचारा. हिरोने २०२४ मध्ये स्प्लेंडर प्लस एक्सटेकमध्ये पुढे डिस्कवाली आणली. बजाजने डिसेंबर २०२२ मध्ये प्लॅटिना ११० ला एबीएस दिलं होतं, पण ते मॉडेल पुढे बंद केलं. सेकंडहँड घेणार असाल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघा, असेल तर बँकेची एनओसी आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नाव ट्रान्सफर करून घ्यायचा आळस करू नका. महाड-चिपळूणकडची गाडी असेल तर सीट उचलून बघा, हेडलाइटच्या आत बघा. पुरात बुडालेल्या गाडीत गाळाची रेघ कुठेतरी राहतेच. बुडालेली गाडी वाईटच असते असं नाही, मामाची बघितलीत ना! पण बुडाली होती हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

राहता राहिले ते बावीस मिलिमीटर. महाडच्या सीटवाल्याने प्लॅटिनाच्या सीटचा फोम पुढच्या बाजूने एक इंच कापून दिला. मागची, आईची बाजू तशीच जाड ठेवली. कव्हर नवं, काळं. बहिणीचे पाय आता टेकतात.

एक तारखेला ती सव्वासातला निघाली. हेल्मेट, रेनकोट, डबा, पायात गमबूट. आई दारात, बाबा पडवीत पेपर उलटा धरून बसलेले. आठ पंचवीसला तिचा मेसेज आला, ‘पोचले.’ संध्याकाळी ती परत आली, भिजून चिंब. गाडी स्टँडवर लागायच्या आत बाबांनी विचारलं, ‘फरशीवर पाणी होतं? ब्रेक लागले ना नीट?’

मायलेज त्यांनी रविवारी विचारलं.